दूध संकलन ॲपचा प्रोटोटाइप: फिग्मातल्या चित्रापासून हाताळता येणाऱ्या पडद्यापर्यंत

३ नोव्हेंबर २०२५ : नेमकं काय तपासायचं

गावपातळीवरच्या दूध संकलन केंद्रासाठीच्या ॲपचे पडदे फिग्मात (पडद्यांचं डिझाइन करण्याच्या साधनात) तयार आहेत: संकलन नोंद, पावती, दरपत्रक, सभासद यादी आणि दहा दिवसांचं बिल. फ्रेमला (पडद्याच्या चित्राला) फ्रेम जोडून केलेला नेहमीचा नमुना इथे कामाचा नाही. त्यात ऑपरेटरला खरं टंकन करता येत नाही, आणि फॅट-एसएनएफच्या (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) प्रत्येक जोडीला वेगळा दर असतो. गाईच्या दुधाचं फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ ८.० ते ९.० धरलं, पायरी ०.१ ची घेतली, तर २१ गुणिले ११ म्हणजे २३१ घरं होतात. एवढ्या फ्रेम कोण काढणार?

म्हणून एआय साधनांकडून ब्राउझरमध्ये चालणारा प्रोटोटाइप करून घ्यायचा. त्याला विचारायचे प्रश्न तीनच. सकाळच्या रांगेत ऑपरेटर एका हाताने नोंद करू शकतो का? सभासदाचा चुकीचा कोड नंबर पडला तर ते त्याच्या लक्षात कधी येतं? आणि वजनकाटा व दूध विश्लेषक (फॅट-एसएनएफ मोजणारं यंत्र) जोडलेले असताना पडद्यावरचा क्रम टिकतो का? बाकीचं देखणेपण नंतर. हे तीन प्रश्न प्रत्येक कामाच्या सूचनेच्या डोक्यावर लिहायचे, कारण कोड लिहिणाऱ्या एजंटला (स्वतः कामं करणाऱ्या एआय साधनाला) हेतू सांगितला नाही की तो न मागितलेला डॅशबोर्ड आणि आलेख करून देतो.

५ नोव्हेंबर : साधनं

दोन जातीची साधनं आहेत. ब्राउझरमध्येच पूर्ण ॲप करून देणारी: फिग्मा मेक, व्हीझीरो, बोल्ट, लव्हेबल. आणि आपल्या संगणकावरच्या फाइलींवर काम करणारे एजंट: कर्सर, क्लॉड कोड वगैरे. पहिल्या जातीत तासाभरात काहीतरी हलतं-बोलतं हाती येतं आणि दुवा लगेच पाठवता येतो. एखादाच पडदा, एखादाच प्रश्न असेल तर तेच घ्यावं. आपल्याकडे दरांचं गणित, यंत्रांची नक्कल आणि वारंवार बदलणारे पडदे आहेत, म्हणून दुसरी जात. कोड आपल्या गिटमध्ये (कोडमधले बदल जपणाऱ्या साठ्यात) राहतो आणि काय बदललं ते ओळीओळीने दिसतं.

एजंट फिग्माची फाइल वाचतो तो एमसीपी मार्गे. मॉडेलला बाहेरची साधनं जोडण्याचा हा खुला करार ॲन्थ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणला. फिग्माचा स्थानिक सर्व्हर डेस्कटॉप ॲपमधून सुरू होतो, ३८४५ या पोर्टवर ऐकतो आणि त्यासाठी डेव्ह किंवा फुल सीट (फिग्माच्या सशुल्क परवान्याचे प्रकार) लागते. ब्राउझरमधून फिग्मा वापरणाऱ्यांनी हे आधीच तपासावं. स्थानिक सर्व्हर तिथून चालू होत नाही.

स्क्रीनशॉट दिला तरी कोड मिळतो, पण मॉडेल रंग आणि अंतरं अंदाजाने भरतं. १६ च्या जागी १४, आपल्या हिरव्याच्या जागी जवळचा कुठलातरी हिरवा. एमसीपीमधून थर, व्हेरिएबल (नाव देऊन ठेवलेले रंग आणि अंतरं) आणि खरे आकडे मिळतात. दोन्ही एकत्र दिलं तर उत्तम: आकडे फाइलमधून, एकूण रूप चित्रातून.

७ नोव्हेंबर : फिग्मा फाइलची झाडलोट

सगळ्यात कंटाळवाणा दिवस, आणि पुढची निम्मी डोकेदुखी इथेच मिटते.

ऑटो लेआउट (आपोआप जुळवून घेणारी मांडणी) नसलेली फ्रेम कोडमध्ये बहुतेक वेळा ॲब्सोल्यूट पोझिशनने, म्हणजे ठरावीक जागी खिळून, उतरते. ३६० रुंदीवर नीट, ४१२ रुंदीच्या फोनवर उजवीकडे रिकामी पट्टी. त्यामुळे प्रत्येक पडद्याला बाहेरून आतपर्यंत ऑटो लेआउट, आणि रुंदी ‘फिल’ (जागाभर) की ‘हग’ (आतल्या मजकुरापुरती) ते ठरवून. ‘फ्रेम ४२७’ सारखी नावं बदलून ‘वजन-पट्टी’, ‘फॅट-खाना’, ‘जतन-बटण’ केली. एजंट हीच नावं कंपोनंटसाठी (पडद्याच्या सुट्या भागांसाठी) उचलतो. ग्रुप सोडवले. लपवलेले जुने थर काढून टाकले, कारण थरांच्या यादीत तेही जाऊ शकतात आणि मग पडद्यावर नको असलेलं जुनं बटण उगवतं.

रंग आणि अंतरं व्हेरिएबलमध्ये. नावं वापरावरून, रंगावरून नव्हे: ‘चूक-पार्श्वभूमी’, ‘मुख्य-कृती’. खान्यांचे व्हेरिएंट (रूपं) पाच: रिकामा, चालू, भरलेला, चूक, बंद. ‘चूक’चा व्हेरिएंट काढलेला नसला तर एजंट स्वतःच्या मनाने लाल चौकट आणि इंग्रजी वाक्य घालतो.

मजकुराच्या चौकटींची उंची ‘ऑटो’ ठेवली. ठरावीक उंचीची चौकट देवनागरीत हमखास वेलांटी किंवा रफार कापते.

१० नोव्हेंबर : नियमांची फाइल

एजंट प्रत्येक वेळी वाचेल अशी एक साधी मजकूर फाइल प्रकल्पाच्या मुळाशी ठेवली. त्यातला गाभा असा:

रिॲक्ट (पडदे बांधायला), व्हीट (पान चालवायला) आणि टेलविंड (रूप द्यायला) वापर. चौथी लायब्ररी विचारल्याशिवाय आणू नको. रंग आणि अंतरं फक्त व्हेरिएबलमधून. पडद्यावरचा प्रत्येक शब्द मजकूर-फाइलमधून घे. शब्द बदलू नको, भाषांतर करू नको. माहिती मिळाली नाही तर शून्य किंवा रिकामी जागा दाखवू नको, चूक दाखव. दिसण्याचे कंपोनंट एका फोल्डरमध्ये, हिशेब आणि स्थिती दुसऱ्यात. डिझाइन बदललं तर दुसऱ्या फोल्डरला हात लावू नको. एका वेळी एकच पडदा.

शेवटून दुसरा नियम सर्वांत मोलाचा. डिझायनर फिग्मात बदल करत राहणार आणि पडदे पुन्हा पुन्हा काढून घ्यावे लागणार. हिशेब पडद्याच्याच फाइलमध्ये असेल तर नव्या पडद्याबरोबर तो पुसला जातो, आणि हे चटकन कळतही नाही, कारण पडदा छानच दिसत असतो.

मजकूर-फाइलचं कारण वेगळं. मॉडेलला ‘उचल’ हा शब्द दिला की ते ‘अग्रिम रक्कम’ लिहितं, ‘पेंड’ची ‘पशुआहार’ करतं. कागदावर दोन्ही बरोबर. केंद्रावर बिलातली कपात वाचणारा उत्पादक मात्र ‘उचल’च शोधतो.

११ नोव्हेंबर : पहिला पडदा

संकलन नोंदीचा अख्खा पडदा एका दमात मागितला तर थरांचं वर्णन इतकं मोठं होतं की ते मॉडेलच्या मर्यादेपर्यंत पोचतं किंवा मधूनच छाटलं जातं. छाटलेल्या भागाची जागा मग कल्पनेने भरली जाते. त्यामुळे क्रम असा ठेवला: आधी फक्त मेटाडेटा, म्हणजे थरांची नावं, जागा आणि आकार. त्यावरून एजंटने भागांची यादी सांगायची. मग एकेक भाग निवडून त्याचा पूर्ण तपशील आणि चित्र. प्रत्येक भाग झाला की ३६० रुंदीत ब्राउझरचं चित्र घेऊन फिग्माच्या चित्राशी जुळवायचं, फरकांची यादी लिहायची आणि मगच दुरुस्ती. ‘अजून नीट कर’ अशी सूचना निरुपयोगी. ‘वजन-पट्टीच्या खालचं अंतर १२ हवं, २० आहे’ अशी लिहिली तर एका फेरीत काम होतं.

फिग्माचा सर्व्हर मूळ कोड रिॲक्ट आणि टेलविंडमध्येच देतो, म्हणून आपली निवड सोपी पडली. स्थानिक सर्व्हरकडून आलेल्या चित्रांचे आणि आयकॉनचे पत्ते मात्र त्याच संगणकाचे असतात. तिथे सगळं दिसतं. प्रोटोटाइप दुसऱ्या कुणी उघडला किंवा फिग्मा बंद केलं की चित्रांच्या जागी तुटके चौकोन. सगळी चित्रं प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यावीत, आणि पाठवण्याआधी संपूर्ण कोडमध्ये ३८४५ हा आकडा शोधावा. सापडला तर काम बाकी आहे.

१३ नोव्हेंबर : देवनागरी

एआय साधनांचा हात लॅटिन लिपीवर बसलेला आहे, आणि त्याच्या खुणा कोडमध्ये सर्वत्र दिसतात.

पहिली खूण अक्षरांमधलं अंतर. शीर्षकांना आणि छोट्या लेबलांना मॉडेल सवयीने ‘ट्रॅकिंग वाइड’ (अंतर वाढवणारी टेलविंडची सूचना) लावतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. नियम-फाइलमध्ये टाकलं: लेटर-स्पेसिंग सर्वत्र शून्य. ‘अपरकेस’ही (मोठी इंग्रजी अक्षरं) सोबत येतं, ते निरुपद्रवी असलं तरी काढलं.

दुसरी खूण ओळीची उंची. टेलविंडमध्ये ४८ पिक्सेलच्या आणि त्यावरच्या मोठ्या अक्षरांना ओळीची उंची मुळात १ असते. आकड्यांना ती चालते. सभासदाचं नाव त्याच मापात दाखवलं आणि चौकटीला ओव्हरफ्लो बंद असला (बाहेर येणारा भाग लपत असला) तर वरचा रफार आणि खालचा उकार दोन्ही कापले जातात. मजकुराला १.५, मोठ्या शीर्षकाला किमान १.३५ ठेवलं. तपासणीसाठी ‘कुर्डू’, ‘खर्डी’, ‘ट्ट्या’, ‘हृदय’ असे वर-खाली पसरणारे शब्द मुद्दाम नमुना माहितीत घातले. ‘कमल पवार’ या नावावर कुठलाच दोष दिसत नाही!

फाँट मुक्ता. पॅकेज जोडताना एजंटने फक्त लॅटिन उपसंच (फाँटमधला इंग्रजी अक्षरांचा भाग) घेतला होता. मराठी अक्षरं तरीही दिसत राहतात, कारण फोन आपल्याकडचा कुठलातरी देवनागरी फाँट वापरतो. लॅपटॉपवर एक रुंदी, फोनवर दुसरी. बटणावरचं ‘नोंद जतन करा’ एका ठिकाणी एका ओळीत आणि दुसऱ्या ठिकाणी दोन. ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये त्या शब्दाला प्रत्यक्ष कुठला फाँट लागला ते दाखवणारा भाग असतो. तिथे पाहिल्याशिवाय फाँट लागला असं मानू नये.

पानाची भाषा व्हीटच्या मूळ साच्यात इंग्रजी लिहिलेली असते, ती मराठी केली. काही फाँटांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं पानाची भाषा मराठी असेल तरच उमटतात. स्क्रीन रीडरचा (पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनाचा) उच्चारही यावरूनच ठरतो.

आता ‘ऱ्य’. ‘शेतकऱ्याचं’ हा शब्द मॉडेलने पुन्हा टंकला की ‘शेतकर्याचं’ होण्याची शक्यता असते: रफार ‘या’च्या डोक्यावर. मजकूर-फाइलमध्ये ‘र्य’ शोधायचं. ‘कार्य’, ‘पर्याय’ सोडून जे उरेल ते दुरुस्त करायचं. सगळा मजकूर एका फाइलमध्ये असल्याचा हा आणखी एक फायदा.

शेवटी नावाचं पहिलं अक्षर दाखवणारा गोल. एजंट नावाच्या सुरुवातीचा एक संकेतांक (युनिकोडमधला एक सुटा घटक) कापून घेतो. ‘ज्ञानेश्वर’चा उरतो ‘ज’, ‘किरण’चा ‘क’. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या अक्षरगट-विभाजनात १५.१ आवृत्तीपासून आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरच्या भरवशावर राहता येत नाही. गोलच काढला, तिथे सभासदाचा कोड नंबर टाकला. केंद्रावर माणूस ओळखतात तो कोडनेच. एका गावात एकाच नाव-आडनावाचे तिघे असणं नवलाचं नाही. नमुना माहितीत अशी तीन नावं घातली, कारण मॉडेलने स्वतः भरलेल्या यादीत प्रत्येक जण वेगळा आणि प्रत्येक नाव दोन शब्दांचं असतं.

१४ नोव्हेंबर : आकड्यांचे खाने

एजंट फॅटच्या खान्याला ‘नंबर’ प्रकार लावतो. मराठी कीबोर्डवरून ‘३.५’ टंकलं तर असा खाना ते स्वीकारत नाही, आणि जावास्क्रिप्टचं नेहमीचं रूपांतरण देवनागरी अंकांना ‘आकडा नाही’ म्हणतं. उपाय: खाना मजकुराचा, कीबोर्डचा संकेत दशांशाचा, आणि हिशेबाआधी देवनागरी अंक इंग्रजीत बदलणारी छोटी पायरी.

दाखवताना उलटं घडतं. मराठी-भारत लोकेल (भाषा-प्रदेशाची मांडणी) वापरलं की आकडे आपोआप देवनागरीत येतात. विश्लेषकाच्या आणि काट्याच्या पडद्यावर आकडे इंग्रजी असतात, ऑपरेटर एकावरून दुसऱ्यावर नजर फिरवतो. म्हणून ॲपमध्येही इंग्रजीच ठेवायचे ठरलं. त्यासाठी लोकेलला लॅटिन अंकपद्धतीचा विस्तार जोडला. लाख-हजारांचे स्वल्पविराम भारतीय पद्धतीनेच राहतात.

फॅट टंकताना बिंदू नको. ‘३५’ दाबलं की ३.५, ‘१००’ दाबलं की १०.०. फिग्मातल्या खान्यात ‘३.५’ हे तयार चित्र होतं, त्यातून ही वागणूक कुठल्याही मॉडेलला कळणं शक्य नाही. एजंटने ‘३५’ला ‘मर्यादेबाहेर’ ठरवणारी तपासणी लिहिली होती. चित्रात नसलेलं प्रत्येक वागणं वाक्यात लिहावं लागतं. एका खान्यासाठी चार-पाच वाक्यं लागली तरी लिहायची.

१७ नोव्हेंबर : दरपत्रक

दर काल्पनिक ठेवले आहेत आणि पडद्यावर तसं छापलंही आहे, नाहीतर चाचणीत चर्चा दरावरच घसरते. गाईच्या दुधाचा पाया ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ, दर ३० रुपये. फॅटच्या प्रत्येक ०.१ ला ३० पैसे, एसएनएफच्या ०.१ ला २० पैसे. म्हशीच्या दुधासाठी पाया ६.० आणि ९.०, तक्ता वेगळा.

एजंटने तक्ता भरायला ३.० पासून ०.१ वाढवत जाणारी फेरी लिहिली. ३.१ बरोबर, ३.२ बरोबर, आणि ३.३ ला दर शून्य. संगणकाच्या द्विमान अपूर्णांकात ३.२ अधिक ०.१ म्हणजे ३.३००००००००००००००३ होतं, त्या नावाचं घर तक्त्यात तयार झालं, आणि ‘३.३’ शोधणाऱ्याला ते सापडलं नाही. वर ‘सापडलं नाही तर शून्य’ अशी शेपटीही होती. पावतीवर शून्य रुपये छापणारा प्रोटोटाइप निदान दिसतो तरी. जवळच्या घराचा दर उचलणारा दिसलाही नसता.

सगळं पूर्णांकात केलं. फॅट ३५, एसएनएफ ८५, दूध १० मिलिलिटरच्या एककात, दर पैशांत. तपासणीचं उदाहरण: ७.३५ लिटर, फॅट ३.९, एसएनएफ ८.६. दर ३० अधिक १.२० अधिक ०.२०, म्हणजे ३१.४०, रक्कम २३०.७९. अशी हाताने काढलेली उदाहरणं एजंटला आधी देऊन त्यांच्यावर चाचण्या लिहायला लावल्या, कोड नंतर. कोड आधी लिहिला की चाचण्या त्या कोडच्या उत्तराला अनुकूल अशाच लिहिल्या जातात.

काटा किलो देत असेल तर लिटरसाठी साधारण १.०३ ने भागायचं. ही पायरी वेगळी आणि बंद करता येण्याजोगी ठेवली आहे; कुठे लिटर येतं, कुठे किलो.

१९ नोव्हेंबर : यंत्राची वाट पाहण्याचा वेळ

डिझाइनमधला क्रम सरळ आहे: कोड, वजन, फॅट-एसएनएफ, पावती, पुढचा सभासद. एजंटने त्याप्रमाणे केलं, आणि विश्लेषकाच्या जागी पाऊण सेकंद फिरणारं चक्र टाकलं. प्रोटोटाइप लोण्यासारखा चालतो. केंद्र तसं चालत नाही. अल्ट्रासोनिक विश्लेषकाला एका नमुन्याला अर्धा ते एक मिनिट लागतं, आणि तेवढ्यात पुढच्या उत्पादकाची कॅन काट्यावर चढलेली असते. म्हणजे कोणत्याही क्षणी दोन नोंदी उघड्या: एकीचा नमुना यंत्रात, दुसरीचं वजन चालू. फिग्मातल्या सरळ रेषेत याला जागाच नव्हती.

आधी एजंटला कोडऐवजी स्थितींचा तक्ता लिहायला सांगितला. एका नोंदीच्या स्थिती: कोड घेतला, वजन झालं, नमुना यंत्रात, निकाल आला, पावती दिली, रद्द. कोणत्या स्थितीतून कुठे जाता येतं आणि कशामुळे, ते ओळीओळीने. यंत्रात एका वेळी एकच नमुना. तक्ता डिझायनर आणि केंद्रावरचं काम जाणणाऱ्या माणसाने वाचला, दोन ओळी वाढवल्या (नमुना परत घेणं, वीज जाणं), मगच कोड.

पहिल्या कोडमध्ये ‘चालू नोंद’ हा एकच साठा होता. निकाल आला की तो पडद्यावर दिसणाऱ्या नोंदीला चिकटायचा. म्हणजे पहिल्या उत्पादकाचं फॅट दुसऱ्याच्या नावावर. पडदा निर्दोष, हिशेब उलटा. दुरुस्ती: नमुना यंत्रात जाताना त्याला स्वतःची ओळख द्यायची आणि निकाल त्या ओळखीवरच लागू करायचा.

सोबत यंत्रांची नक्कल करणारी पट्टी केली. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर तीन वेळा टॅप केलं की उघडते. त्यात विश्लेषणाचा वेळ (मूळ ४५ सेकंद, ५ ते ९० पर्यंत बदलता येतो), पुढचा निकाल कोणता द्यायचा, आणि बिघाडाची बटणं: नमुना अपुरा, काटा स्थिर होत नाही, जोडणी तुटली, वीज गेली. ‘वीज गेली’ दाबल्यावर पान ताजं होतं. उघड्या नोंदी फोनच्या साठ्यातून परत आल्या पाहिजेत. डिझायनरने यावरून तळाशी ‘यंत्रात आहे’ अशी पट्टी नव्याने काढली: कोड नंबर, उरलेला वेळ, आणि रद्द.

२१ नोव्हेंबर : दहा दिवसांचं बिल

‘दहा दिवसांचं बिल’ हे शब्द वाचून एजंट आजपासून मागचे दहा दिवस मोजतो. बिलाचे हप्ते १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असे असतात. ऑक्टोबरचा तिसरा हप्ता ११ दिवसांचा, दोन वेळच्या २२ नोंदी. फेब्रुवारीचा ८ किंवा ९ दिवसांचा. नमुना माहितीत मुद्दाम ऑक्टोबरच घेतला. २२ ओळींनी पडदा भरतो आणि एकूण रक्कम खाली ढकलली जाते. ती वर हलवली.

गैरहजर वेळ रिकामी दाखवायची, ०.०० नव्हे. कपातीत उचल आणि पेंड. कपात दुधाच्या रकमेपेक्षा जास्त झाली तर बाकी पुढच्या हप्त्यात. हा प्रसंग नमुन्यात एकदा तरी हवाच.

२४ नोव्हेंबर : फोनवर

व्हीट ‘होस्ट’ पर्यायाने सुरू केलं की त्याच वायफायवरच्या फोनवर संगणकाचा पत्ता आणि ५१७३ पोर्ट टाकून पान उघडतं. ऑफलाइन चालतं का ते मात्र असं तपासता येत नाही, कारण साध्या एचटीटीपी पत्त्यावर ब्राउझर सर्व्हिस वर्कर (पान ऑफलाइन चालवणारा कोड) नोंदवत नाही. यूएसबी केबल लावून एडीबीने (अँड्रॉइडच्या जोडणी-साधनाने) ५१७३ पोर्ट उलटं जोडलं की फोन त्याला लोकलहोस्ट समजतो आणि ते चालतं.

खालचं बटण कीबोर्डमागे जातं. क्रोमच्या १०८ आवृत्तीपासून अँड्रॉइडवर कीबोर्ड उघडला तरी पानाची मांडणी आक्रसत नाही. पानाच्या कोडमधल्या व्ह्यूपोर्टच्या (दिसणाऱ्या भागाच्या) ओळीत ‘इंटरॲक्टिव्ह विजेट’ला ‘रिसाइझेस कंटेंट’ ही किंमत दिली आणि उंची शंभर व्हीएचऐवजी (दिसणाऱ्या भागाची ठरलेली उंची) शंभर डीव्हीएच (त्याची बदलती उंची) केली. नोंदीच्या पडद्यावर तर फोनचा कीबोर्डच नको म्हणून स्वतःचे मोठे अंक-बटण ठेवले, ६४ पिक्सेलचे. अँड्रॉइडची शिफारस किमान ४८ ची आहे, पण इथे बोट ओलं असतं.

प्रकाशित केल्यावर आतल्या पानावर ‘रिफ्रेश’ दाबलं की ‘पान सापडलं नाही’ येतं. होस्टिंगच्या सेटिंगमध्ये सगळे पत्ते मुख्य पानाकडे वळवायचे.

२६ नोव्हेंबर : चाचणी

सूचना एका ओळीत: ‘तीन जण रांगेत आहेत, संकलन करा.’ कुठलं बटण दाबायचं ते सांगायचं नाही. नक्कल-पट्टी दुसऱ्या माणसाच्या हातात. तोच काटा आणि तोच विश्लेषक.

ऑपरेटरांचा हात आधी लिटरकडे जातो, कोड नंतर विचारतात, कारण कॅन आधी काट्यावर येते. डिझाइनमध्ये कोड पहिला होता. आता दोन्ही क्रम चालतात. वजन आधी आलं तर नोंद बिनकोडाची उघडी राहते. कोड टाकल्यावर नाव मोठं दिसतं, तरी ते ऑपरेटर वाचत नाही. चुकीचा कोड पकडतो तो समोरचा उत्पादक, पावती हातात पडल्यावर. म्हणून जतन झालेली नोंद दुसऱ्या कोडवर हलवण्याची सोय हवी, आणि ती पावती-पडद्यावरच.

खऱ्या सभासदांची नावं, बँक खाती, फोन नंबर यातलं काहीही प्रोटोटाइपमध्ये किंवा एजंटच्या सूचनेत टाकलेलं नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, पण कायदा नसता तरी अशी यादी बाहेरच्या मॉडेलकडे पाठवण्याचं कारण नव्हतं.

२८ नोव्हेंबर : विकासकांकडे काय जातं

जातं ते: स्थितींचा तक्ता, मजकूर-फाइल, पूर्णांकात हिशेब करण्याचे नियम, हाताने काढलेली उदाहरणं आणि त्यांच्या चाचण्या, ऑक्टोबरची नमुना माहिती, सुधारलेली फिग्मा फाइल. प्रोटोटाइपचा दुवा सोबत, पाहण्यासाठी. पडद्यांचा कोड जात नाही. त्यात लॉगिन नाही, एकाच वेळी दोन फोनवरून होणाऱ्या नोंदींचा विचार नाही, साठा फक्त त्या फोनपुरता. ‘एवढं झालंच आहे तर यावरच पुढे बांधू’ हा आग्रह होणारच; म्हणून प्रत्येक पडद्यावर ‘नमुना’ हा शब्द कोपऱ्यात छापला आहे आणि नियम-फाइलमध्ये तो काढायला मनाई आहे.

उरलेलं: म्हशीच्या दुधाच्या तक्त्याची वरची मर्यादा केंद्राकडून घ्यायची. थर्मल प्रिंटरच्या ५८ मिलिमीटर कागदावर पावती चित्र म्हणून पाठवून पाहायची, कारण अनेक स्वस्त प्रिंटरांच्या स्वतःच्या अक्षरसंचात देवनागरी नसते. बिनकोडाची नोंद किती वेळ उघडी ठेवायची, ते पुढच्या चाचणीत.